पेद्रोगांव ग्रांद, 17 जून 2017: रिकाम्या झालेल्या डोंगरांचा वणवा

पोर्तुगालचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की आपल्याला आठवतं लिस्बन, पोर्तो, दक्षिणेचे समुद्रकिनारे आणि अर्थातच गोव्याकडे निघालेली जहाजं. या प्रकरणातली जागा त्या नकाशात सहसा नसते. लिस्बनच्या ईशान्येला, लोझांच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आणि झेझेर नदीच्या काठाशी पेद्रोगांव ग्रांद नावाचा एक छोटा तालुका आहे. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 3,900 माणसं होती, 2021 मध्ये सुमारे 3,400 उरली. शेजारचे कास्तान्येरा द पेरा आणि फिगेइरो दुश विन्युश हे तालुकेही त्याच वाटेने चाललेले. या पट्ट्याचं जुनं नाव ‘पिन्याल इंतेरियोर’, म्हणजे आतल्या बाजूचं पाइनचं रान.

17 जून 2017 ला, शनिवारी दुपारी, याच रानात आग लागली आणि 66 माणसं मेली. पोर्तुगालमध्ये वणवे दर उन्हाळ्यात लागतात, पण एका वणव्यात इतकी माणसं तिथे त्याआधी कधी गेली नव्हती. हे असं का झालं याची उत्तरं त्या दिवशीच्या हवामानात थोडी सापडतात. देशाची लोकसंख्या, जमिनीची मालकी आणि कागदाचा धंदा यांत बरीच जास्त.

त्या संध्याकाळी काय झालं

तापमान चाळीशीपार गेलेलं, हवेत दमटपणा जवळपास नाही. दुपारी पावणेतीनच्या सुमारास एश्कालुश फुंदेरुश या वाडीजवळ पहिली ठिणगी पडली. सुरुवातीला कोरड्या वादळातल्या विजेवर बोट ठेवलं गेलं. पुढच्या तपासात वीजवाहिनी आणि तिला टेकलेली झाडी यांच्याकडे संशय वळला. काही मिनिटांच्या अंतराने पलीकडे गोइश तालुक्यातही दुसरी आग सुरू झाली.

पहिले चार-पाच तास ही एक मोठी पण नेहमीची आग होती. संध्याकाळी आठच्या आसपास वर जमलेल्या वादळी ढगातून थंड हवेचा झोत खाली आदळला आणि सगळं बदललं. आगीने एकाच वेळी अनेक बाजूंना उसळी घेतली. आयसी-8 हा मोठा मार्ग बंद झाल्यावर लोकांनी पर्यायी रस्ता धरला, एन-236-1. दोन्ही बाजूंना अगदी डांबराच्या कडेपर्यंत पाइन आणि निलगिरी. त्या रस्त्याच्या छोट्याशा तुकड्यावर 30 जण गेले, काही गाडीत, काही गाडी सोडून दोन-चार पावलं पळाल्यावर. त्यांत गावचे होते, तसे शनिवार-रविवारी आजोळी आलेले आणि कास्तान्येरा द पेराच्या नदीकाठच्या जलतरण तलावावरून परतणारे लिस्बनकडचे कुटुंबवालेही होते. काहींची घरं मागे शाबूत राहिली. घरातच थांबले असते तर वाचले असते, हे नंतर कळलं.

नोदेइरिन्यू ही याच रस्त्यालगतची वाडी. तिथली 11 माणसं त्या संध्याकाळी मेली. त्याच वाडीत बारा जण एका घराच्या पाण्याच्या हौदात उतरले आणि आग डोक्यावरून जाईपर्यंत गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. त्यांत चालता न येणारी नव्वदीपुढची एक वृद्धाही होती. सगळे वाचले. हौद शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, आपत्ती व्यवस्थापनाच्या कुठल्याच आराखड्यात त्याची नोंद नव्हती.

आराखड्यात होती ती आणीबाणीची बिनतारी संपर्क यंत्रणा, सिरेश्प. ती नेमकी त्या तासांत कोलमडली, कारण मनोरे आणि तारा आगीतच होत्या. 24 जूनपर्यंत आग आटोक्यात आली तेव्हा दोन्ही आगी मिळून 45 हजार हेक्टरहून जास्त भूभाग जळाला होता आणि सुमारे 500 घरांना झळ बसली होती. चार महिन्यांनी, 15 ऑक्टोबरला, मध्य पोर्तुगालमध्ये पुन्हा आगी भडकल्या आणि आणखी 50 च्या आसपास बळी गेले. 2017 या एका वर्षात पाच लाख हेक्टरांहून जास्त जमीन जळाली. देशाचं मुख्यभूमीचं क्षेत्रफळच सुमारे 89 लाख हेक्टर आहे.

पाऊस हिवाळ्यात, ऊन उन्हाळ्यात

भूगोल थोडक्यात. टेगस नदी देशाला आडवी छेदून लिस्बनला समुद्राला मिळते. तिच्या दक्षिणेला आलेंतेजूचं पसरट माळरान, मोठ्या जमीनदाऱ्या आणि कॉर्क ओकच्या विरळ बागा. उत्तरेला डोंगर, अरुंद दऱ्या, शिस्ट खडकाची घरं आणि हातरुमालाएवढी शेतं. अटलांटिकमुळे या उत्तर भागात हिवाळी पाऊस भरपूर, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे पाऊस आणि उष्णता एका पाठोपाठ येतात, त्यामुळे वाढलेलं गवत पावसात ओलं असतं. तिथे हिवाळ्यात आणि वसंतात झुडपं माजतात आणि ऐन उन्हात वाळतात. भूमध्य समुद्राभोवतीचे बहुतेक देश याच चक्रात अडकलेले आहेत, पण पोर्तुगालचा पाऊस त्यांच्यापेक्षा जास्त, म्हणून झाडोराही जास्त. वणव्याचं इंधन दरवर्षी निसर्गच पुरवतो, तेही मुबलक.

पूर्वी हे इंधन माणसं उचलून नेत, आणि या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो.

झुडूप कापणारे हात

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या डोंगरांत कुणी झुडपाला कचरा म्हणत नव्हतं. काटेरी गोर्स, ब्रूम, हीथ हे सगळं कोयत्याने कापून गाई-शेळ्यांच्या गोठ्यात अंथरायचं. वर्षभर जनावरांच्या पायाखाली, शेणमुतात भिजून त्याचं खत व्हायचं आणि ते दरीतल्या मक्याच्या आणि राय या गव्हासारख्या धान्याच्या तुकड्यांत पडायचं. वाळलेल्या काटक्या चुलीत. पाइनच्या सालीला खाच देऊन खाली मातीचं भांडं अडकवायचं आणि राळ गोळा करायची. राळेच्या निर्यातीत एकेकाळी पोर्तुगाल जगातल्या आघाडीच्या देशांत होता. राळ काढणारा माणूस हंगामभर त्याच झाडांमधून फिरायचा, त्यामुळे धूर दिसला की पहिली आरोळी त्याचीच. आग विझवायला अग्निशमन दल येण्याआधी गाव हजर असे.

हे अर्थशास्त्र टिकलं ते गरिबीमुळे, हेही सांगायला हवं. सालाझारच्या हुकूमशाहीत हा भाग उपाशी होता. 1938 पासून सरकारने गावांच्या सामाईक चराऊ जमिनींवर पाइनची लागवड सक्तीने सुरू केली आणि मेंढपाळांना हुसकावलं. साठच्या दशकात फ्रान्सला मजूर हवे होते, इकडे 1961 पासून आफ्रिकेतल्या वसाहतींत युद्ध चालू होतं आणि तरुणांना सक्तीने तिकडे पाठवलं जात होतं. माणसं पळाली. पासपोर्ट नसलेले रात्री स्पेनची हद्द चोरून ओलांडत. याला ‘अ साल्तू’ म्हणत, म्हणजे उडी मारून जाणं. 1960 ते 1974 दरम्यान दहा लाखांहून बरीच जास्त माणसं देशाबाहेर गेली. उरलेली लिस्बन आणि पोर्तोच्या कारखान्यांकडे. पोर्तुगालच्या जनगणना 1864 पासून होत आहेत, आणि देशाची एकूण लोकसंख्या घटलेली फक्त दोनदा दिसते, 1970 मध्ये आणि 2021 मध्ये.

1974 च्या क्रांतीने हुकूमशाही संपली, आफ्रिकेतून पाच लाखांच्या आसपास लोक परतले, 1986 मध्ये देश युरोपीय समुदायात आला. महामार्ग झाले. त्याच महामार्गांनी उरलीसुरली तरुण मंडळी किनाऱ्याकडे नेली, आणि 2011 च्या कर्जसंकटाने (78 अब्ज युरोंचं मदत पॅकेज, त्याबदल्यात खर्चकपात) पुन्हा एक लाट परदेशी धाडली. 2021 च्या जनगणनेत 1 कोटी 3 लाखांच्या देशात जवळपास 46 लाख माणसं लिस्बन आणि पोर्तो या दोन महानगर क्षेत्रांत राहत होती. त्याच वर्षी देशात दर 100 मुलांमागे 182 वृद्ध होते. पेद्रोगांवसारख्या तालुक्यांत हे प्रमाण याहून पुष्कळ जास्त.

शेळ्या गेल्या, मका गेला, स्वस्त आयातीपुढे राळेचा धंदा बसला. झुडूप मात्र वाढत राहिलं.

निलगिरीचा हिशोब

पोर्तुगालमध्ये या विषयावर बोलायला लागलं की दहा मिनिटांत निलगिरीवर भांडण होतं. हे झाड ऑस्ट्रेलियातून एकोणिसाव्या शतकात आलं, सुरुवातीला शोभेचं म्हणून. 1950 च्या दशकात निलगिरीपासून कागदाचा चांगला लगदा करायचं तंत्र पोर्तुगीज गिरण्यांनी बसवलं आणि पुढच्या काही दशकांत ते देशातलं सर्वांत जास्त पसरलेलं झाड झालं. 2015 च्या वनगणनेत ते सुमारे 8.45 लाख हेक्टरांवर होतं, म्हणजे जंगलाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. आज छपाईच्या आणि ऑफिसच्या कागदात पोर्तुगाल युरोपातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. सेतूबाल, फिगेइरा द फोश, अवेइरू इथल्या गिरण्या हजारोंना काम देतात आणि बहुतेक माल निर्यात होतो.

निलगिरी पेट घेते तेव्हा सालीच्या लांब पट्ट्या जळत जळत वाऱ्यावर शेकडो मीटर पुढे जाऊन पडतात, पानांत तेल असतं. हे खरं आहे. पण आपण पॅरिसजवळ राहणाऱ्या, पेद्रोगांवच्या एखाद्या जमीनमालकाच्या जागी बसून पाहू. आजोबांची जमीन आहे. पाइन लावला तर लाकूड हाती यायला 35-40 वर्षं. त्या अवधीत आग एकदा तरी येणार, आणि पाइन जळाला की मुळापासून गेला. निलगिरी 10-12 वर्षांत तोडता येते, बुंध्यातून पुन्हा फुटते, तीनेक वेळा पीक देते. आग लागली तरी बहुतेक खोडं पुन्हा कोंब टाकतात. लाकूड विकत घ्यायला गिरणीचा माणूस दारात येतो. आता सांगा, तो काय लावेल?

म्हणजे आगी जितक्या वारंवार, तितकी निलगिरी फायद्याची, आणि निलगिरी जितकी दाट, तितकी पुढची आग मोठी. कॉर्क ओकशी तुलना केली की हे चक्र जास्त नीट कळतं. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क पोर्तुगालमध्ये होतं, झाडाची साल दर 9 वर्षांनी काढतात, आग लागली तरी तीच जाड साल खोडाला वाचवते. पण लावल्यापासून पहिली साल काढायला 25 वर्षं थांबावं लागतं आणि बाटलीच्या बुचाला चालेल अशा दर्जाचं कॉर्क मिळायला आणखी दोन फेऱ्या. हे मोठ्या जमीनदाराला परवडतं. अर्ध्या-पाऊण हेक्टरच्या मालकाला नाही.

म्हणून ‘निलगिरीने माणसं मारली’ ही घोषणा मला अर्धवट वाटते. पेद्रोगांवला पाइनही तितकाच भडकला. ज्या निलगिरीच्या लागवडीत खालचं रान नियमित कापलं जातं तिथे आग तुलनेने हळू चालते. गिरणी कंपन्या स्वतःच्या जमिनी अशा राखतात, कारण त्यांना परवडतं. अडचण आहे ती कुणीच न पाहणाऱ्या तुकड्यांची.

जमीन कुणाची?

युरोपातल्या बहुतेक देशांत जंगलाचा मोठा भाग सरकारचा असतो. पोर्तुगालमध्ये सरकारकडे जेमतेम 3 टक्के. बाकी खासगी, थोडं गावांचं सामाईक. आणि खासगी म्हणजे किती जणांचं? देशातल्या ग्रामीण जमिनीच्या नोंदींचे तुकडे एक कोटीहून अधिक आहेत, देशातल्या माणसांपेक्षाही जास्त. शिवाय मोजणी करून हद्दी आखलेले नकाशे दक्षिणेच्या मोठ्या जमिनींचे झाले. टेगसच्या उत्तरेला, जिथे तुकडे सर्वांत जास्त, तिथे बऱ्याच तालुक्यांत असे नकाशेच नव्हते. हद्द म्हणजे ‘त्या दगडापासून ओढ्यापर्यंत’, आणि तो दगड ओळखणारे आजोबा आता दफनभूमीत.

याच्या मुळाशी वारसा कायदा आहे. पोर्तुगीज कायद्यात मुलांचा राखीव हिस्सा असतो, मृत्युपत्र करून त्यांना पूर्ण डावलता येत नाही. गोव्याच्या वाचकांना हे नवीन नाही: 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही तत्त्वं गोव्यात आजही लागू आहेत, आणि एका घरावर वीस-वीस वारस असल्याने पडीक झालेली घरं तिथे गावोगाव दिसतात. कोकणात चाकरमान्यांच्या नावांनी भरलेला सातबारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पेद्रोगांवची जमीन वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

आणि गंमत अशी की कायदा होताच. 2006 च्या एका कायद्याने घरांभोवती 50 मीटर आणि रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना 10 मीटर पट्टा साफ ठेवणं सक्तीचं केलेलं होतं. एन-236-1 च्या कडेला तो पट्टा 2017 मध्ये कुठे होता? नोटीस पाठवायची कुणाला? पत्ता लक्झेंबर्गचा, नाहीतर मालक मयत. सापडला तरी एक हेक्टर रान साफ करायला कित्येकशे युरो लागतात, आणि त्या हेक्टरातून वर्षाला तितकं उत्पन्न कधीच येत नाही. दंडाच्या भीतीने कुणी वर्षभराचं उत्पन्न दर वसंतात झुडपांवर उधळत नाही.

लिस्बनने काय केलं

त्या वेळी पंतप्रधान होते अँतोनियू कोश्ता. मडगावशी नातं असलेल्या कुटुंबातले, वडील गोवेकर मुळांचे लेखक. त्याच वर्षी जानेवारीत बंगळुरूच्या प्रवासी भारतीय दिवसाला ते प्रमुख पाहुणे होते आणि नंतर मडगावात आपल्या पूर्वजांच्या घरी जाऊन आले. आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांचं तेव्हा भरपूर कौतुक केलं. पाच महिन्यांनंतरच्या त्यांच्या सर्वांत कठीण परीक्षेबद्दल मात्र इथे फारसं कुणी लिहिलं नाही. 2005 ते 2007 या काळात ते अंतर्गत प्रशासन मंत्री होते आणि सिरेश्पचा करार त्याच काळात मार्गी लागला होता, त्यामुळे प्रश्न थेट त्यांच्यापर्यंत पोचत होते. संसदेने स्वतंत्र तांत्रिक समिती नेमली, तिचा अहवाल ऑक्टोबरच्या मध्याआधी आला, तीनच दिवसांत दुसरी आग लागली, आणि मग अंतर्गत प्रशासन मंत्री कोंश्तांसा उर्बानू द सोझा यांनी राजीनामा दिला.

बदल झाले, आणि ते कागदी नव्हते. ग्रामीण आगींसाठी एक वेगळी संस्था उभी राहिली, जी विझवणं आणि प्रतिबंध या दोन्हीचा पैसा एकत्र पाहते. 2017 पर्यंत प्रतिबंधावर खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा जात होता, पुढे तो निम्म्याच्या जवळ आला. निलगिरीच्या नव्या लागवडीवर निर्बंध आले. 2013 मध्ये आधीच्या सरकारने ती सोपी केली होती. पेद्रोगांवसह दहा तालुक्यांत जमिनींची साधी नोंदणी सुरू झाली, मोबाइलवर नकाशा उघडून मालकाने आपली हद्द दाखवायची, आणि नंतर ती इतरत्र पसरली. ‘सुरक्षित गाव’ योजनेत प्रत्येक वाडीत एक जबाबदार माणूस, जमायची एक ठरलेली जागा आणि चर्चच्या घंटेचा ठराविक इशारा. नोदेइरिन्यूच्या हौदाने शिकवलेली गोष्ट सरकारी कागदात आली.

न्यायालयात मात्र काही हाती लागलं नाही. लैरियाच्या न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सर्व 11 आरोपींची निर्दोष मुक्तता केली. घरं पुन्हा बांधायला आलेल्या देणग्यांच्या वाटपाचं प्रकरण वेगळंच कोर्टात गेलं.

मला सर्वांत जास्त शिकण्यासारखं वाटतं ते एका वाडीचं उदाहरण, आणि ते सरकारी नाही. पेनेला तालुक्यातल्या फेररीया द सांव जुआंवपर्यंत हीच आग आली होती. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या कॉर्क ओकचा एक राखलेला बाग होता, आग तिथे मंदावली आणि घरं वाचली. त्यानंतर गावकऱ्यांनी वस्तीभोवतीच्या 100 मीटर पट्ट्यातल्या सगळ्या तुकड्यांच्या मालकांना शोधून काढलं, निलगिरी बुंध्यासकट उपटली आणि तिथे ओक, चेस्टनट अशी हळू जळणारी झाडं लावली. हद्दी कागदावर कायम, वहिवाट एकत्र. हे जमलं कारण गाव लहान, बाहेर गेलेल्यांशी फोनवर संबंध टिकलेले आणि पुढाकार घेणारी दोन-चार माणसं तिथे अजून राहत होती. ज्या वाडीत तिघंच म्हातारे उरलेत तिथे हे कोण करणार?

माणसं येतायत, पण कुठे?

2024 अखेर पोर्तुगालमध्ये 15 लाखांहून अधिक परदेशी नागरिक होते, ब्राझीलच्या लोकांनंतर भारतीयांची संख्याही मोठी. गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवणारे बहुतेक पुढे ब्रिटनला गेले हे खरं, पण पंजाब, गुजरात, नेपाळकडचे मजूर आलेंतेजूच्या किनाऱ्यावर ओदेमिरा भागात हरितगृहांत रासबेरी तोडतात, लिस्बनमध्ये जेवण पोचवतात, हॉटेलं सांभाळतात. देशाची अर्थव्यवस्था सेवा आणि पर्यटनावर उभी आहे, रोजगार तिथेच, म्हणून माणूसही तिथेच. पिन्याल इंतेरियोरमध्ये आले ते वेगळ्या जातकुळीचे: दगडी घर स्वस्तात घेऊन राहणारे ब्रिटिश, डच, जर्मन. त्यांनी काही वाड्यांत पुन्हा दिवे लावले, पण डोंगराच्या शेकडो तुकड्यांवर शेळ्या चारायला ते आलेले नाहीत.

सरकार आता शेळीपालकांना रान राखण्यासाठी पैसे देऊ पाहतं, नियंत्रित आगी लावून झुडूप जाळतं, गावाभोवतीच्या पट्ट्यांना अनुदान देतं. यातलं प्रत्येक काम दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. 2018 नंतरची काही वर्षं तुलनेने बरी गेली, त्याचं श्रेय काही प्रमाणात या खर्चाला आहे, काही प्रमाणात पावसाला. आणि मोठा भाग 2017 मध्येच जळून गेल्यामुळे पेटायला उरलंच थोडं होतं, हे विसरून चालणार नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये तो अवधी संपला. पेद्रोगांवच्या ईशान्येला अरगानिल तालुक्यात पियोदांवजवळ लागलेली आग दहा दिवसांहून जास्त चालली आणि 60 हजार हेक्टरांपलीकडे गेली. पोर्तुगालमध्ये नोंदलेली ही सर्वांत मोठी एकच आग. त्या वर्षी देशभरात अडीच लाखांहून अधिक हेक्टर जळालं. अरगानिलच्या आगीत पेद्रोगांवसारखा संहार झाला नाही. अनेक वाड्या वेळेत रिकाम्या केल्या गेल्या. 2017 नंतर जे शिकलं गेलं त्यातलं माणसं वाचवण्याचं काम बऱ्यापैकी जमलं आहे. डोंगर मात्र तसेच आहेत, आणि 2017 मध्ये जळालेल्या निलगिरीच्या बुंध्यांना फुटलेले कोंब एव्हाना तोडणीच्या वयाजवळ आले आहेत.